पहिले दहा मीटर

हवामानाचा फुगा सेकंदाला साधारण ५ मीटर वेगानं चढतो, म्हणजे जमिनीलगतचे पहिले १० मीटर तो दोन सेकंदांत ओलांडतो. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात सगळा खेळ नेमका तेवढ्यातच असतो. म्हणून ही हवा मोजणाऱ्या आमचा जीव फुग्यापेक्षा उपकरणं लावलेल्या मनोऱ्यात अडकलेला.

आपल्याकडे रात्री निवालेली जमीन सकाळच्या उन्हानं तापते, हवा ढवळून निघते, दरीतलं धुकं विरतं. तिथं कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही. बर्फाचा पृष्ठभाग उष्णता आकाशात सोडत राहतो आणि भुसभुशीत हिम खालची ऊब वर येऊ देत नाही. थंड, जड हवा तळाशी बसते, तिच्यावर उबदार हवा. भूगोलाच्या पुस्तकातली तापमानाची विपरीतता ती हीच. पण डोम सी पठारावर, कॉन्कॉर्डिया स्थानकाजवळच्या ४५ मीटर उंच मनोऱ्याच्या नोंदी पाहून मी आजही थक्क होतो. शांत रात्री पहिल्या १० मीटरांतच २० अंशांहून अधिक फरक! वारा सेकंदाला ५ ते ७ मीटरांपलीकडे गेला की हवा मिसळू लागते आणि हा फरक झपाट्यानं ओसरतो. अंटार्क्टिकातलं आपलं, भारताचं मैत्री स्थानक मात्र बर्फाच्या उताराच्या पायथ्याशी. उतारावरून घसरत येणारे वारे तिथल्या हवेला फार काळ स्वस्थ बसू देत नाहीत.

खरी कसोटी आकडेमोडीत लागते. जमिनीलगतच्या हवेतल्या खळबळीविषयीचा मोनिन आणि ओबुखोव्ह यांचा १९५४ चा सिद्धान्त आम्ही सगळेच वापरतो. हवेतली खळबळ अखंड चालू आहे, असं त्यात गृहीत धरलेलं. इथं ती मधूनच उठते, मधूनच विझते. एरवी नोंदींची अर्ध्या तासाची सरासरी घेतात. तीच इथं घेतली तर हवेतल्या संथ लाटाही खळबळ म्हणून हिशेबात शिरतात. म्हणून मी काही मिनिटांचेच तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा आधी डोळ्यांखालून घालतो. हे काम निव्वळ संगणकावर सोपवू नये, असं माझं ठाम मत आहे.

उपकरणांवर हिमकण जमतात. ते वितळवायला ऊब द्यावी, तर जी हवा मोजायची तीच तापते. शिवाय बर्फ साचत जातो आणि २ मीटरवरचा तापमापक हळूहळू दीड मीटरवर येतो. जिथं हातभर उंचीनं अंश बदलतात, तिथं हे क्षुल्लक कसं म्हणावं? नोंदवहीत तापमानाशेजारी मोजपट्टीनं मोजलेली उंची हवीच.

अंटार्क्टिकाच्या तापमानाचा आकडा कुठंही वाचलात, तर तो किती उंचीवरचा आणि तेव्हा वारा किती होता, हे जरूर विचारा.