बुडालेला बटाटा

गेल्या मे महिन्यात माझा नातू सुट्टीसाठी डिचोलीला आला, तो प्रयोगांचे एक पुस्तक घेऊनच. साध्या पाण्यात बुडणारे अंडे मिठाच्या पाण्यात तरंगते, हे त्याला मला दाखवावयाचे होते. नेमका तो सोमवार होता आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात अंडे आलेले आईला खपत नाही. तेव्हा बटाट्याच्या फोडीवर तडजोड झाली.

पेलाभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळले, तरी फोड तळाशीच. "पुस्तक खोटे आहे," असा निर्वाळा नातवाने दिला. मी घनतेविषयी काही समजावू लागलो, तोच खाटेवरून आई म्हणाली, "मीठ उणें पडलां. आनीक घाल."

आईचे माहेर पेडण्यातील आगरवाड्याचे, शापोऱ्याच्या काठचे. तिच्या वडिलांचे मिठागर होते. एका पावसाळ्यात बांध फुटला, तो पुन्हा बांधणे झाले नाही, आणि घरात मिठागराचा विषयच बंद झाला. आम्ही मुलांनीही कधी विचारले नाही. विचारावयास हवे होते.

पाचव्या चमच्याला फोड हलली आणि सावकाश वर आली. नातू नाचू लागला. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. आमचे पाणी त्याच्या चौपट खारट झाले होते. म्हणजे भर समुद्रातही ही फोड बुडालीच असती! माझे हे गणित चालू असताना आईने पेला मागितला. बोट बुडवून तिने ते जिभेला लावले.

"अजून मीठ धरचें ना," ती म्हणाली.

तिचे म्हणणे खरेच होते. मानशीतून आत घेतलेले भरतीचे पाणी उन्हात आटत आटत दहाव्या हिश्श्यावर येते, तेव्हा कुठे मीठ धरू लागते. तिचे वडील असेच बोट बुडवून चव घेत, आणि मग हे पाणी पुढच्या कोंडीत सोडावयाचे की थांबावयाचे ते ठरवीत. हे मला त्या दिवशी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळले.

नातवाने पेल्यातले पाणी ताटलीत ओतून ती गच्चीवर उन्हात ठेवली. चौथ्या दिवशी कडेला पांढरे खडे दिसले. तो ती ताटली घेऊन पणजीकडे धावला. आईने एक खडा उचलून उजेडात धरला आणि त्याला जवळ बसवून सांगू लागली की, त्यांच्या घरापासून पहिल्या कोंडीपर्यंत किती पावले होती.