कोड लिहिणारा कोणता घ्यावा?

सध्या आमच्या चिंचवडच्या ऑफिसात चहाच्या वेळी एकच विषय असतो. कोड लिहून देणारा एआय कोणता घ्यायचा? आम्ही मोजून पाच जण. चाकण-भोसरीच्या वेंडर कंपन्यांसाठी मशीनवरचा डेटा गोळा करणारी सॉफ्टवेअर लिहितो. हिंजवडीतल्या मित्रांना हे सॉफ्टवेअरच वाटत नाही.. असो.

२०२१ मध्ये गिटहबचं कोपायलट आलं तेव्हा ते फक्त पुढच्या ओळी सुचवायचं. आता कर्सर, क्लॉड कोड वगैरे मंडळी अख्खं फोल्डर वाचतात, बदल करतात, वर टेस्टही चालवून दाखवतात. जाहिराती वाचून काही ठरेना, म्हणून मी तिघांना एकच काम दिलं. टेबलावर आमचाच एक टॉर्क कंट्रोलर ठेवला (ग्राहकाचं काहीही दिलं नाही). मॉडबसवरून टॉर्कचा आकडा वाचायचा आणि तो मर्यादेत असेल तरच पार्ट पुढच्या स्टेशनला सोडायचा.

आता हे मॉडबस १९७९ सालचं. मॅन्युअलमध्ये ४०००१ छापलेलं रजिस्टर मागताना शून्य नंबर मागावा लागतो. तिघांनाही हे पाठ होतं! पण दशांशाचा आकडा दोन रजिस्टरांत अर्धा-अर्धा येतो आणि आधी कुठला अर्धा, हे मेकप्रमाणे बदलतं. दोघांनी एक क्रम धरून कोड लिहून टाकला. तिसऱ्यानं विचारलं, तुमच्या कंट्रोलरमध्ये क्रम कोणता? नव्या इंजिनिअरनं हे विचारलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता.

मग मी केबल काढली. एकाच्या प्रोग्रामनं आकडा मिळेना म्हणून आधीचाच आकडा पुन्हा दाखवला. स्क्रीनवर हिरवा दिवा तसाच! म्हणजे बोल्ट न आवळलेला पार्ट खुशाल पुढे, आणि पार्ट ब्रेकचा असला तर? गंमत म्हणजे दिसायला सगळ्यात नीटनेटका कोड त्याचाच होता. नाव सांगत नाही, पुढच्या महिन्यात ते सुधारलेलंही असेल.

वेगाचं म्हणाल तर २०२५ मध्ये मीटर नावाच्या संस्थेनं १६ अनुभवी प्रोग्रामरांना २४६ कामं देऊन मोजमाप केलं. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला आणि त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के लवकर आटोपलं असं वाटत होतं. प्रकल्प त्यांच्या रोजच्या ओळखीचे होते आणि टूल्स त्या वर्षाच्या सुरुवातीची, हे खरं. तरी आमच्या पोरांच्या "सर, खूप फास्ट होतं" वर मी आता घड्याळ लावतो.

खरी अडचण वेगळीच आहे. एका ग्राहक काकांना विचारलं तर म्हणाले, "अहो, माझं काही नाही, पण पार्ट नंबर माझ्या कस्टमरचे आहेत. ते बाहेर गेले तर मी कुणाला तोंड दाखवू?" २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कोड चॅटजीपीटीत टाकला तेव्हा कंपनीनं असल्या टूल्सवर बंदी घातली. सॅमसंगला ते परवडतं. काकांची एक ऑर्डर गेली तर शेडमधली एक शिफ्ट बंद होते.

म्हणून ग्राहकाच्या कोडसाठी ऑफिसातल्याच मशीनवर क्वेन कोडर बसवलंय. हुशारी कमी, वेगही कमी, पण त्याला नेट लागत नाही. रिपोर्ट आणि स्क्रीनसाठी पैसे भरून, प्रश्न विचारणारा तो तिसरा घेतला. पार्ट सोडायचा की अडवायचा, ते ठरवणाऱ्या ओळी मात्र आम्हीच लिहिणार.

यावर आमच्याकडे नुकतीच डिप्लोमा करून आलेली मुलगी म्हणाली, "सर, बाकी सगळं तोच लिहिणार, मग मी शिकू काय?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. येत्या गुरुवारी सुट्टीमुळे काकांची लाइन बंद असते, तेव्हा तिला चाकणला नेतोय. एकेक केबल तीच काढेल आणि दिवा कुठला लागतो ते वहीत लिहील.