मामाच्या पोफळी आणि माझा फळा

मी भूगोल शिकवते. चक्रीवादळांचा धडा आला की मी फळ्यावर दोन आकडे मोठ्ठे काढायची : ४ आणि १. बंगालच्या उपसागरात चार चक्रीवादळं झाली, तर आपल्या अरबी समुद्रात एक. मुलं आकडे उतरवून घ्यायची, संपला मुद्दा!

कारणंही सांगायची हं. चक्रीवादळाचं इंधन म्हणजे समुद्राची ऊब. वरचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं, की त्याची वाफ वर चढते. वाफेचे ढग होताना उष्णता बाहेर पडते, हवा आणखी जोरात वर जाते आणि तिची जागा घ्यायला चहूकडून वारे धावतात. पृथ्वी फिरते ना, म्हणून ते सरळ न येता गरगरत येतात. आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट. बंगालच्या उपसागरात मोठमोठ्या नद्यांचं गोडं पाणी येतं. ते हलकं, म्हणून वरच राहतं आणि खालच्या थंड पाण्यात चटकन मिसळत नाही. अरबी समुद्रावर मात्र अरबस्तानातली कोरडी हवा येते. भर पावसाळ्यात खालचे वारे नैर्ऋत्येकडून, वरचे पूर्वेकडून. त्या ओढाताणीत वादळ उभंच राहू शकत नाही. म्हणून चक्रीवादळांचे दिवस पावसाळ्याच्या आधी आणि नंतरचे.

सगळं बरोबर. पण १ जून २०२० ला श्रीवर्धनहून मामाचा फोन आला. "अगो, वादळ येतंय म्हणतात. तू शिकवतेस ना हे? खरं काय ते सांग."

मी ऐटीत म्हटलं, "मामा, आपल्याकडची वादळं बहुतेक ओमानकडे नाहीतर गुजरातकडे जातात. काळजी नको."

३ जूनला दुपारी 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. मामाचा फोन लागेना. एक दिवस, दोन दिवस... पाचव्या दिवशी तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून रेंज मिळेल तिथपर्यंत गेला, तेव्हा आवाज ऐकू आला. माणसं सुखरूप होती. कौलं उडाली होती. आणि वाडी? "पोफळी काड्यांसारख्या मोडल्या गो. मिऱ्यांचे वेल त्यांच्याबरोबरच गेले. सावली गेली, आता जायफळं उन्हात करपणार." माझ्या सल्ल्याबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी जुन्या नोंदी काढून बसले. चारास एक म्हणजे शून्य नव्हे, हे मला कळायला नको होतं? ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये आलंच होतं! आणि २०१९ मध्ये तर हिशेब उलटा झाला : अरबी समुद्रात ५ चक्रीवादळं, बंगालच्या उपसागरात ३. त्यातली 'क्यार' आणि 'महा' ही दोन अरबी समुद्रात एकाच वेळी फिरत होती. एका वर्षावरून काही ठरत नाही, हे खरं. पण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा अरबी समुद्रातली चक्रीवादळं वाढल्याचं आणि ती जास्त दिवस टिकत असल्याचं दिसलं. हा समुद्र तापतोय. मी मात्र जुनाच आकडा फळ्यावर लिहीत होते.

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आलं, तेव्हा फोन मीच केला. "मामा, कौलांवर वजन ठेव, बॅटरी चार्ज कर, आणि सांगितलं की शाळेत जाऊन राहा."

"ते सगळं कालच केलं," मामा म्हणाला. "तू तुझ्या पोरांना सांगितलंस का?"

आता मी फळ्यावर ४ आणि १ लिहिते, आणि १ च्या खाली वाडीचं चित्र काढते. मामाने पोफळीची नवी रोपं लावली आहेत. फोन केला की अजून ती किती वर आली, ते आधी सांगतो.