उघडून बघायची बंदूक

आमच्या रेडीच्या घरात माजघराच्या भिंतीला दोन खुंट्या होत्या. त्यांवर आजोबांची ठासणीची बंदूक आडवी टांगलेली असायची. परवाना शेतीसंरक्षणाचा. त्यावर लिहिलेलं 'एस.बी.एम.एल.' म्हणजे काय ते लहानपणी कुणीच सांगितलं नाही. एक नळी, तोंडातून भरायची, एवढाच त्याचा अर्थ. आजोबा दारू मोजून ओतत, वर नारळाच्या सोडणाचा बोळा ठासत, मग छर्रे, परत बोळा. शेवटी टोपी चढवायची. हे सगळं होईपर्यंत पाखरू तेरेखोल ओलांडून गोव्यात गेलेलं असायचं.

तरी आजोबांची तक्रार नसे. ते म्हणत, "एका बारान जा होवचा ता होता. दुसरो बार रागाचो असता."

गोष्ट १९७० च्या हिवाळ्यातली. तेव्हा आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात होतो, सिंधुदुर्ग व्हायला अजून अकरा वर्षं होती. गावात लोखंडाच्या खाणी सुरू होत्या. खाणीवरचे एक साहेब आमच्या घरी नारळ घ्यायला येत आणि रविवारी बाबांना घेऊन पाखरांच्या शिकारीला जात. त्यांची बदली झाली. जाताना दोनांपैकी एक बंदूक विकायची होती. बाबांना म्हणाले, "दोन्ही वापरून बघा. जी आवडेल ती अर्ध्या किमतीत घ्या."

अर्धी किंमत म्हणजे बाबांना एका वर्षाची काजूची सगळी रक्कम. शिवाय आजोबांचं वय झालेलं, त्यांची बंदूक बंद करून परवाना बाबांच्या नावावर करायचा होता. म्हणजे जी घेऊ ती जन्मभराची.

दोन्ही बारा बोअरच्या, विलायती. बारा बोअर म्हणजे काय, तर त्या नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर वजन एक पौंड भरतं. हे साहेबांनीच सांगितलं, आणि बाबांनी ते पुढे वर्षभर गावात सगळ्यांना सांगितलं. एक बंदूक दुनळी, पण आपल्याकडच्यासारख्या शेजारी-शेजारी नळ्या नाहीत. एकीवर एक, वर-खाली. दुसरी एकनळी दिसायची, पण ऑटोमॅटिक. खालच्या नळकांड्यात चार काडतुसं, वर नळीत एक. चाप ओढला की बार होतो, धक्क्याने नळीच मागे सरकते, रिकामं काडतूस उजवीकडे उडतं आणि दुसरं आपोआप चढतं. चाप मात्र दर बाराला ओढावा लागतो.

पुढे वाचनात आलं की अशा धक्क्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकची पहिली यशस्वी घडण जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाची, आणि १९२६ मध्ये तो बेल्जियममध्ये वारला त्याआधीच्या त्याच्या शेवटच्या घडणींपैकी एक नेमकी वर-खाली दुनळी होती. पाच बारांची बंदूक देणारा माणूस शेवटी दोन बारांपाशी आला. आजोबांना हे सांगायला मिळालं नाही, याचं वाईट वाटतं.

पहिल्या रविवारी ऑटोमॅटिक. यशवंतगडाखालच्या खाजणात पहाटे अडया उतरायच्या. शीळ घालत थवा उठला, बाबांनी पाच बार केले. तीन पडल्या, दोन सापडल्या. बाबा खुशीत घरी आले. धक्का कमी, एकच नळी असल्यामुळे नेमही सरळ. काडतुसं कुठे गेली ती मात्र चिखलात शोधावी लागली. आम्हा पोरांना त्यांच्या शिट्ट्या हव्या होत्या. आजोबा खळ्यात बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आनी तिसरी?"

बाबा गप्प झाले. तिसरी तिवरांत पडली होती. पंख हलत होता, असं दादा म्हणाला. चौथा-पाचवा बार झाला तेव्हा थवा चाळीस वारांच्या पुढे गेला होता. तिथे छर्रे लागतात, पण मारत नाहीत.

दुसऱ्या रविवारी दुनळी. वायंगणाच्या मळ्यात पाणलावे होते. हे पाखरू पायाजवळून भुर्रकन उठतं आणि वाकडंतिकडं पळतं. खालची नळी मोकळी, जवळच्या बाराला. वरची पुढे आवळलेली, लांबच्याला. बाबांनी चार बार केले, दोन पाखरं मिळाली. पण मला वेगळंच आठवतं. प्रत्येक मेर ओलांडताना साहेबांनी बाबांना बंदूक मोडायला लावली. मोडायची म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडायची. मग ती हातावर तशीच लोंबत राहते, आणि पन्नास पावलांवरच्या माणसालाही दिसतं की ही आता काही करणार नाही.

तरी बाबांचं मन ऑटोमॅटिककडेच होतं. रानडुकरांचा कळप आला तर दोन बारांनी काय होणार, हा त्यांचा सवाल. तो चुकीचा नव्हता. तिसऱ्या रविवारी ते परत तीच घेऊन गेले.

त्या दिवशी धुकं होतं. काडतुसं तेव्हा कागदाची असत, आणि आमच्या खाऱ्या दमट हवेत कागद फुगतो. परतल्यावर साहेबांनी पडवीत बसून खटका तीन-चारदा मागे ओढला. काही निघालं नाही. रिकामी समजून त्यांनी ती बाकावर ठेवली आणि सगळे चहाला आत गेले. फुगलेलं एक काडतूस खालच्या नळकांड्यात अडकून राहिलं होतं. बाहेरून ते दिसायची सोय नव्हती.

दादा पंधरा वर्षांचा. त्याने साहेबांची नक्कल करत खटका ओढला, सोडला. त्या हिसक्याने काडतूस सुटून वर चढलं असणार. मी समोर उंबऱ्यावर बसलो होतो. त्याने नळी माझ्याकडे केली, मग काय वाटलं कोण जाणे, वर उचलली आणि चाप ओढला.

कौलं खाली आली ती मला आठवतात. आवाज आठवत नाही. आई चूल सोडून धावत आली, आधी मला चाचपलं, मग दादाला. दादाच्या डाव्या कानाला त्या दिवसापासून कमी ऐकू येतं. साहेब पांढरेफटक पडले होते. चूक त्यांची, बाबांची, दादाची, सगळ्यांचीच होती. जिथे पोरं आहेत तिथे बंदूक ठेवून कुणी उठत नाही. पण आईला हा हिशेब नको होता. ती एवढंच म्हणाली, "ती अवदसा माज्या घरात नको."

बाबांनी दुनळी घेतली. परवान्यावर चढायला सहा महिने गेले. आमच्यासाठी नियम एकच केला. "झिला, हातात घेतलंस की पयली मोडून बघायची. कोणी सांगलो रिकामी हा, तरी बघायची. देवान सांगल्यान तरी."

पाखरांवर ती दोनच हिवाळे चालली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारीला परवाने लागू लागले. १९९१ च्या दुरुस्तीने तेही दार बंद झालं. बाबांनी कुरकुर केली नाही. त्या तिसऱ्या अडईबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत, पण खाजणाकडे मात्र नुसतेच जाऊन बसायचे. बंदूक वानरं हाकायला हवेत बार काढण्यापुरती उरली. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची. बाबा गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला.

आता नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे. मुलगा म्हणतो, कशाला पाहिजे, सरकारजमा करून टाका. तो बरोबर आहे. डुकरं तर आवाजालाही आता भीत नाहीत. मी अर्ज आणला आहे, भरलेला नाही.

दादा गणपतीला मुंबईहून येतो. सत्तरी झाली आहे. घरात शिरला की पिशवी ठेवतो, हातपाय धुतो, आणि जेवायला बसण्याआधी बंदूक खुंटीवरून काढून मोडतो. दोन्ही नळ्यांतून दाराकडे बघतो. खळ्यातला उजेड दोन गोल ठिपक्यांसारखा दिसतो. मग ती मिटून परत टांगतो आणि विचारतो, "जेवण झाला?"