ठसे कोणी घेतले?

भाऊ दाजी लाड यांचे प्राचीन शिलालेखांवरचे निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापून आले, तेव्हा त्यांवर नाव एकच होते, भाऊंचे. त्यातले पुष्कळ लेख मात्र दगडासमोर बसून उतरवून आणले होते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. भगवानलाल मूळचे जुनागढचे, गिरनारच्या पायथ्याच्या अशोकलेखाच्या गावचे. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला भाऊंनी त्यांना मुंबईत बोलावून घेतले आणि १८७४ मध्ये भाऊ वारले तोपर्यंत ते त्यांच्यासाठी लेणी, स्तंभ, ताम्रपट धुंडाळत नेपाळपर्यंत हिंडले.

लेखाची नक्कल करणे हे हमालीचे काम आहे असे ज्याला वाटते, त्याने ते कधी केलेले नसते. दगड घासून स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर बसवायचा, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि वाळेपर्यंत वाऱ्यापासून सांभाळायचा. एवढे झाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. अक्षराच्या डोक्यावर दिसते ते टिंब अनुस्वाराचे, की दोन हजार वर्षांत उडालेला दगडाचा टवका? हे ठरवायला लिपी यावी लागते, भाषा यावी लागते आणि त्या शतकातल्या कारागिराचा हात ओळखता यावा लागतो. म्हणजे ठसा घेतानाच निम्मे वाचन झालेले असते. ते निम्मे वाचन कोणाच्या नावावर मांडायचे?

हा प्रश्न मला छळतो, कारण महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावरही बढतीच्या समित्यांवर मला बोलावतात. प्राध्यापकांच्या 'कॅस' या बढती-योजनेच्या फायली समोर येतात. ठाण्यातल्या कोलशेतच्या घरी जेवणाच्या टेबलावर त्या पसरून मी वाचत बसतो. विषय रसायन असो, गणित असो की मराठी, तक्ता एकच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतल्या त्या तक्त्यात विज्ञानाच्या शोधनिबंधाला ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या निबंधाला १०. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनाहून जास्त असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार पाहणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के.

जरा हिशेब करून पाहा. दहा गुणांचा निबंध एकट्याने लिहिला तर दहाच गुण मिळतात. त्याच निबंधावर दहा नावे घातली तर पहिल्याचे सात आणि उरलेल्या नऊ जणांचे तीन-तीन, मिळून चौतीस. तक्ता करणाऱ्यांचा हेतू सहकार्याला उत्तेजन देण्याचा असेल, आणि तो चांगलाच आहे. पण ज्याने हाताने काम केले त्याचे नाव वगळणे आणि ज्याने काहीच केले नाही त्याचे घालणे, हे दोन्ही अन्याय या हिशेबात दिसतच नाहीत. गाईडचे नाव टाकावेच लागते, विभागप्रमुखांचे टाकले तर बरे पडते, ही वाक्ये मी इतक्या तरुण तोंडांतून ऐकली आहेत की आता ती ऐकताना संताप येतो.

गणिताच्या एका तरुण प्राध्यापिकेने समितीपुढे सांगितले होते, "सर, माझं नाव शेवटी आहे ते आडनाव 'डब्ल्यू'वरून आहे म्हणून. काम आम्ही तिघांनी बरोबरीनं केलंय." ती अगदी खरे बोलत होती. गणितात लेखकांची नावे वर्णानुक्रमाने लावण्याची जुनी रीत आहे, अर्थशास्त्रातही बव्हंशी तसेच. तिथे अभ्यंकरांचे नाव झोप्यांच्या आधी येते याला कर्तृत्वाचे कारण नसते. पण वाचणारा पहिल्याच नावाला मान देतो. लिरान आइनाव आणि लीट यारिव या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले की अमेरिकेतल्या अव्वल अर्थशास्त्र विभागांत वर्णमालेत आधी येणाऱ्या आडनावांच्या प्राध्यापकांना कायम नेमणूक मिळण्याची शक्यता जास्त होती. मानसशास्त्रात, जिथे नावे वर्णानुक्रमाने लावत नाहीत, तिथे असा फरक आढळला नाही.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पुन्हा निराळी भाषा. पहिले नाव बाकावर राबणाऱ्या विद्यार्थ्याचे, शेवटचे प्रयोगशाळा चालवणाऱ्याचे. तिथे शेवटचे असणे हा बहुमान. कणभौतिकीत तर नावाचा क्रम विचारण्यात अर्थच नाही. हिग्ज कणाचे वस्तुमान सांगणारा २०१५ चा निबंध ५,१५४ लेखकांचा आहे. ३३ पानांपैकी २४ पाने नुसत्या नावांची आणि संस्थांची. तो ज्या दोन प्रयोगगटांनी मिळून लिहिला त्यांतल्या सीएमएस गटात आपली कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आहे. त्या यादीत शोधकयंत्राचा एखादा भाग वर्षानुवर्षे जपणारा माणूसही लेखक म्हणून उभा असतो. मला ती यादी भारी आवडते.

आता भाऊ आणि भगवानलाल यांना या एकेका दरबारात उभे करून पाहावे. जीवशास्त्रात पहिले नाव भगवानलालांचे, शेवटचे भाऊंचे. गणितात आणि कणभौतिकीत दोघे बरोबरीचे. वैद्यकाच्या नियतकालिकांचे संपादक लेखकपणाच्या चार अटी मानतात: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा चिकित्सेने तपासण्यात सहभाग, अंतिम पाठाला संमती आणि साऱ्या कामाची जबाबदारी. भगवानलाल इंग्रजीत लिहीत नसत, तेव्हा दुसऱ्या अटीवर ते अडले असते. पण तोच नियम असेही बजावतो की ज्याने पहिली अट पुरी केली त्याला मसुद्यात सहभागी होण्याची संधी दिलीच पाहिजे. आणि आमच्या इतिहासात? आमच्याकडे एक निबंध, एक नाव. कागदावर भाऊंना दहा, भगवानलालांना शून्य.

भाऊंना मी खलनायक करणार नाही. भगवानलालांना त्यांनी हेरले, पोसले, मुंबईच्या विद्वानांत वावरायला जागा दिली, प्रवासांचा खर्च उचलला. त्या काळच्या विद्वत्तेत साहाय्यकाचे नाव निबंधाच्या माथ्यावर घालण्याची पद्धतच नव्हती, आणि पदरी पंडित ठेवणाऱ्या गोऱ्या साहेबांनीही ती पाडली नव्हती. भाऊंच्या मागे भगवानलालांनी स्वतःच्या नावाने लिहायला सुरुवात केली. ते गुजरातीत लिहीत आणि गेओर्ग ब्यूलर यांच्यासारखा संस्कृतज्ञ ते इंग्रजीत आणी. नेपाळचे शिलालेख १८८० मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त दोघांच्या नावाने आले. आजच्या तक्त्यात निबंधाच्या अनुवादाला तीन गुण आहेत. ब्यूलरचे ते काम तिनाचे होते असे म्हणायला माझी जीभ वळत नाही.

माझ्या घरामागे खाडी आहे. हेच पाणी घोडबंदरवरून वसईकडे जाते, आणि वसईच्या पलीकडे सोपारा. १८८२ मध्ये भगवानलालांनी तिथला 'बुरुड राजाचा कोट' उकरला आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक होते. तो वृत्तान्त त्यांच्या स्वतःच्या नावाने छापला गेला. त्याच वर्षी निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरवर संपादक म्हणून कॅम्बेल यांचे नाव आहे, पण साहाय्य करणाऱ्यांचा निर्देश ग्रंथात केलेला आहे आणि त्यांत भगवानलाल आहेत. सरकारी ग्रंथाने जे केले ते भाऊंचे निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला जमले नव्हते.

काम कोणाचे ते नोंदवण्याचे कारखान्यांचे शहाणपण मला कोलशेतलाच कळले. कोलशेत रोडवर क्लॅरियंटचा रासायनिक कारखाना होता. त्या जागेवर आता लोढांच्या इमारती आहेत. रंग-रसायनांत उमेदीची वर्षे घालवलेले एक शेजारी संध्याकाळी फेरी मारताना सांगतात की बॅच शीटवर प्रत्येक टप्प्याला सही असायची. आम्ल कोणी सोडले, तापमान कोणी पाहिले, नमुना कोणी तपासला. माल कंपनीचा, नाव कंपनीचे, पण काम कोणाचे ते कागदावर लिहिलेले. पेटंटचा कायदाही हा भेद जाणतो. १९७० च्या अधिनियमाच्या २८व्या कलमाने संशोधकाचा उल्लेख पेटंटमध्ये करता येतो, हक्क दुसऱ्याच्या मालकीचे असले तरीही. शोधनिबंधांनी हे शिकायला फार उशीर लावला. कोणी कल्पना मांडली, कोणी माहिती जमवली, कोणी लिहिले, अशा चौदा भूमिका नोंदवण्याची पद्धत २०१४ च्या सुमारास आकाराला आली आणि आता अनेक नियतकालिके ती मागतात.

मराठीला हे नवे नाही. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. कोणताही खंड उघडा. नोंद संपते तिथे लिहिणाऱ्याचे नाव, आणि नोंद मुळात इंग्रजीत लिहून आली असेल तर मूळ लेखकापुढे 'इं.' आणि मराठीत आणणाऱ्यापुढे 'म.' दोन अक्षरांत कोणी काय केले ते सांगून मोकळे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतही गाणारीचे नाव आणि गाव जपले आहे. कित्येक विद्यापीठीय प्रबंधांत अशा बायका नुसत्या 'माहितीदार' होऊन राहतात.



समित्यांवर बसणाऱ्या माझ्या मित्रांना माझे सांगणे आहे की तक्ता भरण्याआधी निबंध वाचा आणि उमेदवाराला विचारा, यात तुम्ही नेमके काय केलेत? उत्तर ऐकायला पाच मिनिटे पुरतात, आणि खरे काम केलेला माणूस ते सांगताना खुलतो. आणि जे मराठीत संशोधन लिहितात त्यांनी पुढच्या लेखाखाली दोन ओळी जरूर छापाव्यात: ठसे कोणी घेतले, मुलाखती कोणी उतरवल्या, दप्तरातला कागदांचा रुमाल कोणी उलगडून दिला. नियतकालिकाने जागा नाही म्हटले तर एक तळटीप कमी करा, पण त्या ओळी जाऊ देऊ नका.