लावणीचा ताप आणि डीएनएची साखळी

मी डीएनएवर काम करतो म्हटलं की कर्जतचे नातेवाईक हमखास वंशावळ काढायला सांगतात. आमच्याकडे डीएनए म्हणजे बांधकामाचं सामान. अ‍ॅडेनिन थायमिनला धरतं, ग्वानिन सायटोसिनला. त्यामुळे कुठला धागा कुठे चिकटेल हे आधी कागदावर ठरवता येतं. १९८२ मध्ये नेड्रियन सीमन यांनी ही वाट दाखवली. २००६ मध्ये पॉल रोथमुंड यांनी एका विषाणूचा सात हजार अक्षरांचा धागा दुमडून सुमारे १०० नॅनोमीटरचा हसरा चेहरा घडवला, आणि मग वर्तमानपत्रांत रक्तात पोहणारे रोबो आले. उंदरांवर काही प्रयोग साधलेही. पण अशा बऱ्याच रचनांना उभं राहायला मॅग्नेशियम लागतं. रक्तात ते पुरेसं नसतं, आणि वर डीएनए कुरतडणारी विकरं टपलेली.

माझं मत विचाराल तर आपल्या तालुक्यांना या शास्त्राचा पहिला उपयोग शरीराबाहेर होईल. लेप्टोस्पायरोसिस या तापाचंच घ्या. लावणीला माणसं दिवसदिवस खाचरात उभी. पायाला चिरा, पाण्यात उंदराचं नि गुरांचं मूत्र. जंतू तिथूनच शिरतात. पहिल्या आठवड्यात ते रक्तात असतात, पण प्रतिपिंडं पुरती तयार झालेली नसतात. म्हणून साधी तपासणी बरेचदा निगेटिव्ह येते. ताप मलेरियासारखा, डेंग्यूसारखा. शहाणा डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन सुरू करतो, आणि बरोबरच करतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं, फुप्फुसं धोक्यात.

पीसीआर जंतू लवकर पकडतं, पण त्याला यंत्र आणि विकरं हवीत. गोव्याच्या मोलबायोने बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट करून ही अडचण बरीच कमी केली; क्षयासाठी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. याहून साधी युक्ती रॉबर्ट डर्क्स आणि नाइल्स पिअर्स यांनी २००४ मध्ये दाखवली. नळीत दोन प्रकारचे डीएनएचे तुकडे, दोन्ही हेअरपिनसारखे स्वतःवरच दुमडलेले. एरवी शेजारी शेजारी गप्प. जंतूचा धागा आला की तो पहिल्याला उघडतो. उघडलेलं शेपूट दुसऱ्याला उघडतं, दुसरा पुन्हा पहिल्याच्या जातभाईला. तुकडे संपत येईपर्यंत साखळी वाढते. विकर नाही, तापवणं-थंड करणं नाही. वाळवलेल्या डीएनएला फ्रिजचंही फारसं अडत नाही, आणि पावसाळ्यात इकडे लाइट किती टिकते ते सर्वांना ठाऊक आहे!

मेख अशी की तुकडे शुद्ध नसले तर साखळी जंतूशिवायच सुरू होते. शिवाय एका धाग्यामागे एकच साखळी, पीसीआरसारखी दुपटी-चौपटी नाही. रक्तात जंतू मोजके असले तर खूण फिकी पडते. म्हणून जंतूच्या डीएनएऐवजी त्याच्या रायबोसोममधलं आरएनए शोधणं मला जास्त पटतं. एका पेशीत त्याच्या हजारो प्रती असतात, आणि तो एकेरी धागा असल्याने दुहेरी डीएनएसारखा उकलावा लागत नाही. मात्र आरएनए भराभर तुटतं. नमुना कर्जत लोकलने मुंबईला धाडायची सोय त्यात नाही. रक्त काढलं की तिथेच, खांडसकडच्या आरोग्य केंद्रातल्या टेबलावरच, तपासणी उरकावी लागेल.