अक्का, पंचमीला ये

प्रिय अक्का,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. घटस्थापना तोंडावर आली. माळ्यावरची पितळी भांडी निघाली, चिंचेनं घासून झाली, अंथरुणं धुऊन गच्चीवर वाळत पडली आहेत. यंदाही तू येणार नाहीस असं धरूनच घरात सगळं चाललंय. मला ते सहन होत नाही.

लग्नपत्रिकेत तुझं नाव राहिलं. कुणामुळं राहिलं त्यात मी शिरत नाही, तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. बाबांच्या आजारपणात रात्र-रात्र दवाखान्यातल्या बाकावर बसलीस ती तू, आणि घरात मांडव पडला तेव्हा आठवण झाली नाही तीही तुझीच. राग येणारच. माझं म्हणणं रागाबद्दल नाहीच.

टेंबलाईची गोष्ट मला कुणी सांगितली, आठवतं? तूच. जिन्यात बसून, माझे केस विंचरता विंचरता. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष, त्यानं योगदंडाच्या बळावर सगळ्या देवांच्या शेळ्या-मेंढ्या केल्या, खुद्द अंबाबाईलाही सोडलं नाही. त्र्यंबोलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं, युक्तीनं तो दंड काढून घेतला, त्याला मारलं, देवांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला आणि बोलावणं द्यायचं राहिलं ते नेमकं तिलाच. इथं तू कंगवा थांबवायचीस. 'बघ, जिनं सोडवलं तिलाच विसरले,' म्हणायचीस, आणि तेव्हाही तुझा आवाज चढायचा.

त्र्यंबोली रुसली. पूर्वेच्या टेकडीवर जाऊन कोल्हापूरकडे पाठ करून बसली. पण अक्का, बसली कुठं? गावाबाहेरच्या पहिल्याच टेकडीवर. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्यावर. काशीला गेली नाही ती, रामेश्वरला गेली नाही. तिला रुसायचं होतं, तोडायचं नव्हतं. तू मात्र डोंबिवलीचं दार लावून घेतलंस आणि आईचा फोनसुद्धा घेत नाहीस. आईनं काय केलं होतं गं?

आणि अंबाबाईचंही बघ की. चूक कुणाची, मान कुणाचा, याचा हिशेब करत ती देवळात बसून राहिली नाही. हत्ती-घोडे, सगळा लवाजमा घेऊन स्वतः टेकडी चढली. ललिता पंचमीला आजही जाते. त्या दिवशी तिची हत्तीवरच्या अंबारीतली पूजा बांधतात ती त्याचसाठी. तिची पालखी निघते, तुळजाभवानीची निघते, बिंदू चौक, उमा टॉकीज, बागल चौक, शाहू मिल, टाकाळा असं करत सगळं गाव टेंबलाईच्या पायऱ्यांशी येऊन ठेपतं. त्र्यंबोली म्हणाली होती, कोल्हासुराला कसा मारलास ते मला दाखव. म्हणून गुरवांच्या घरातली कुमारिका कोहळ्यावर शस्त्र चालवते. छत्रपतींच्या घराण्यातली माणसं त्या वेळी हजर असतात. कोहळा फुटला रे फुटला की जी झुंबड उडते, तिच्यात माझा हात घट्ट धरून तू घुसायचीस. एकदा फोड घेऊन बाहेर आलीस तेव्हा तुझ्या वेणीत कोहळ्याच्या बिया अडकल्या होत्या, कोपराला खरचटलं होतं, आणि मूठ तू घरी येईपर्यंत उघडली नव्हतीस. आईनं ती फोड तांदळाच्या डब्यावर ठेवली. वर्षभर घरात काही कमी पडत नाही म्हणतात. कमी पडलंच अक्का, पण त्यात कोहळ्याचा दोष नाही.

आषाढातली टेंबलाईची जत्राही तुझ्यावाचून झाली. पंचगंगेला नवं पाणी आलं, गल्लीतल्या पोरी नटूनथटून डोक्यावर कलश घेऊन निघाल्या, पुढं पी-ढबाक वाजत होतं. तालमीच्या पोरांनी गुलाल उधळला, पायऱ्यांवर पाणी ओतलं, गोडा नैवेद्य झाला, मग खारा. तुझ्या लेकीला मी एक निळं परकर-पोलकं शिवून ठेवलं होतं. कलश घेण्याच्या वयाची झाली ना ती? ते तसंच कपाटात आहे. तिला हे गाव नुसतं फोटोत दिसावं, असं तुला खरंच वाटतं?

मागं तू म्हणाली होतीस, नोव्हेंबरात किरणोत्सवाला येते. नऊ ते अकरा, तिन्ही संध्याकाळी मी महाद्वारातून येणाऱ्या उन्हाकडे डोळे लावून होते. अंबाबाईच्या पायांवर आलेलं ऊन वर सरकत कमरेपर्यंत जातं, सगळं जुळलं तर मुखावर. कधी ढग येतात, कधी वाटेतल्या इमारती आडव्या येतात, किरणं मध्येच हरवतात. लोक मुकाट घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच जागी उभे राहतात. एकतीस जानेवारीपासून पुन्हा तीन दिवस. मी या लोकांतली आहे, एवढं लक्षात ठेव.

अगं, अंबाबाईच्या मूर्तीलाही घर सोडावं लागलं होतं. धामधुमीच्या काळात ती देवळातून हलवून पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती. शिलाहारांच्या काळापासूनचे शिलालेख अंगावर वागवणारं एवढं मोठं देऊळ, आणि गाभाऱ्यात ती नाही. आपल्या गावच्या बायकांनी ते दिवस कसे काढले असतील, हा विचार मला हल्ली फार येतो. शेवटी पन्हाळ्याहून कोल्हापूरच्या संभाजीराजांनी सिधोजी हिंदुराव घोरपड्यांना पाठवलं आणि 1715 साली तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. हातातलं म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र, सगळ्यांसह ती आपल्या जागी आली.

तुला न्यायला कुणी आलं नाही, हे तुझं खरं दुखणं आहे. ते मला कळतं. कुणीतरी डोंबिवलीला यायला हवं होतं, तुझ्या दारात उभं राहून 'चल' म्हणायला हवं होतं. ज्यांनी यायला हवं होतं ते आले नाहीत. मला आईला एकटं टाकून निघता येत नाही, तिचे गुडघे आता जिनाही उतरू देत नाहीत. म्हणून हे पत्रच लवाजमा समज. हत्ती नाही, घोडा नाही.

तुझ्यामुळं मी शिकले, अक्का. माझी कॉलेजची फी तू पहिल्या पगारातून भरलीस आणि कुणाला सांगितलं नाहीस. मी सांगितलंय सगळ्यांना. परवाच, जेवताना, मोठ्या काकांसमोर. कुणी काही बोललं नाही, पण काकांनी ताटातलं तसंच ठेवलं आणि उठून गॅलरीत गेले.

पंचमीच्या आदल्या रात्री कल्याणला महालक्ष्मी एक्सप्रेस पकड, सकाळी कोल्हापुरात उतरशील. पालखी त्यानंतर निघते. घरी यायची तयारी नसेल तर आधी येऊ नकोस, सरळ टाकाळ्याला ये, तिथल्या वळणावर मी उभी असेन. परकर-पोलकं पिशवीत घेऊन येते, लेकीला घेऊनच ये. आईला मी काही सांगितलेलं नाही. तिला काय सांगायचं ते तूच येऊन सांग.

तुझी,
धाकटी